ॲन आर्बर ते इंडियानापोलिस: एका कॉलेज संघाच्या हंगामामागे

मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२३ च्या हंगामात १५ सामने खेळला आणि पंधराच्या पंधरा जिंकला. हा अमेरिकन फुटबॉल. शिरस्त्राणं, खांद्यावर चिलखतं, लांबट चेंडू. माझी ताई आणि भावजी गेली बरीच वर्षं मिशिगनमधल्या कँटन गावी राहतात आणि भाचा तेव्हा त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. दिवाळी ठाण्यात करून मी फराळाचे डबे घेऊन निघाले, ते नेमकी हंगामाच्या ऐन रंगात पोहोचले. तिकडे कॉलेजचा खेळ हे काय प्रकरण असतं, हे ऐकून कळत नाही. म्हणून परतल्यावर सगळं लिहून काढलं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर: कँटन

थँक्सगिव्हिंगचा दिवस. ताईने टर्कीला आदल्या रात्रीच आलं-लसूण, दही आणि गरम मसाला चोळून ठेवला होता. क्रॅनबेरीची चटणी तिने गूळ आणि हिरवी मिरची घालून केली होती. अशी केली की कोकमाच्या जवळ जाणारी आंबट-गोड चव येते, आणि बटाट्याच्या लगद्याबरोबर ती फारच छान लागते. पाहुण्यांत भावजींच्या ऑफिसातलं एक तेलुगू कुटुंब होतं, शेजारचे दोन अमेरिकन म्हातारा-म्हातारी होते. जेवण दुपारीच, कारण दुपारी डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाचा सामना. थँक्सगिव्हिंगला लायन्स खेळणार हे तिथे ठरलेलंच असतं. ते ग्रीन बेकडून २९–२२ असे हरले, पण घरात कुणाचा मूड गेला नाही. सगळ्यांचं लक्ष शनिवारकडे होतं.

टीव्हीसमोरच भाच्याने मला नियम सांगितले. अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला तर टचडाऊन, त्याचे सहा गुण आणि वर लाथेने एक. तिथवर पोचता आलं नाही तर खांबांमधून चेंडू मारायचा, त्याचे तीन. "एवढंच लक्षात ठेव मावशी, बाकीचं आपोआप कळेल," असं तो म्हणाला, आणि ते खरं निघालं.

हंगामाची गोष्ट मात्र नियमांपेक्षा लांब होती. आधीच्या वर्षी हाच संघ उपांत्य सामन्यात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून ५१–४५ असा हरला होता. ब्लेक कोरम हा धावणारा खेळाडू त्याआधीच गुडघा दुखावून बसला होता. तो आणि संघातले आणखी काही ज्येष्ठ व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाऊ शकले असते, पण ते आणखी एका वर्षासाठी परत आले. पुढे नेब्रास्काला ४५–७, मिनेसोटाला ५२–१०, शेजारच्या मिशिगन स्टेटला त्यांच्याच मैदानावर ४९–०. या मधल्या सामन्यांना सामने म्हणणंही जड जातं.

मग ऑक्टोबरात वादळ आलं. संघातला एक कर्मचारी प्रतिस्पर्ध्यांच्या डावपेचांच्या खुणांची माहिती गोळा करण्यासाठी त्यांच्या सामन्यांना माणसं पाठवत होता, असा आरोप झाला. नोव्हेंबरात बिग टेन या त्यांच्या लीगने मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांना नियमित हंगामाच्या उरलेल्या तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर ठेवलं. निर्णय आला पेन स्टेटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी. जबाबदारी पडली ३७ वर्षांच्या शेरॉन मूर यांच्यावर. हा माणूस आघाडीच्या फळीचा प्रशिक्षक. त्याच्या हाताखाली संघाने त्या दिवशी सलग ३२ वेळा चेंडू हवेत न फेकता फक्त धावून पुढे नेला आणि सामना २४–१५ असा जिंकला. पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवलं, तो मिशिगनचा १०००वा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर पोहोचलेला हा पहिला संघ.

आता समोर ओहायो स्टेट, शेजारच्या राज्यातला जुना वैरी. दोघांचेही ११ पैकी ११ विजय.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर: ॲन आर्बर

कँटनहून ॲन आर्बर, म्हणजे विद्यापीठाचं गाव, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. सुट्टीमुळे निम्मं गाव रिकामं असेल असं वाटलं होतं, पण रस्त्यारस्त्यावर निळे आणि मक्याच्या रंगाचे स्वेटर दिसत होते. निळा आणि मक्याचा पिवळा हे विद्यापीठाचे रंग. डायग नावाच्या मोठ्या चौकात जमिनीत पितळी 'एम' बसवलेला आहे. पहिली परीक्षा देण्याआधी त्यावर पाय पडला तर विद्यार्थी नापास होतो, अशी तिथली समजूत. भाचा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता, तरी त्या 'एम'ला वळसा घालूनच गेला. मीही घातला.

तिथून लॉ क्वाडमध्ये, म्हणजे कायद्याच्या कॉलेजच्या आवारात गेलो. दगडी कमानी, वेली सुकलेल्या, आणि आत अभ्यासिका इतकी उंच छताची की माणसं आपोआप हळू बोलतात. सामन्याच्या गडबडीत ही जागा चुकवू नका.

जेवायला केरीटाऊनमधलं झिंगरमन्स. १९८२ पासूनचं हे दुकान. काउंटरवर चीजचे तुकडे चाखायला देतात आणि प्रत्येक तुकड्याची गोष्ट सांगतात. भावजींनी रुबेन सँडविच घेतलं: राय धान्याचा पाव, खारवलेलं गोमांस, आंबवलेली कोबी. मी शाकाहारी सँडविच घेतलं. भाव आपल्याला छातीत धडकी भरवणारे आहेत, पण एक सँडविच दोघांना पुरतं. सामन्याच्या आदल्या दिवशी जाणार असाल तर बाराच्या आत जा, नंतर रांग रस्त्यावर येते.

दुपारी स्टेडियम बघायला गेलो, आणि मी थोडी हिरमुसले. एवढं नाव ऐकलेलं, आणि बाहेरून दिसतं ते मनातल्या चित्रापेक्षा बरंच ठेंगणं विटांचं बांधकाम. भाच्याने फटीतून आत बघायला लावलं तेव्हा श्वास अडकला. सगळं जमिनीत उतरत गेलेलं आहे. आपण बाहेर ज्या पातळीवर उभे असतो ती आतल्या सत्तराव्या रांगेच्या आसपासची पातळी. १९२७ साली तेव्हाचे क्रीडासंचालक फील्डिंग योस्ट यांच्या आग्रहातून ते असं खणून बांधलं. आज क्षमता १,०७,६०१. शेवटचा तो एक फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकांच्या नावाने राखलेला, अशी परंपरा आहे. शिरस्त्राणावरचे पंखासारखे पिवळे पट्टेही त्यांनीच १९३८ मध्ये आणले.

जाणाऱ्यांसाठी: आम्ही गेलो तेव्हा, २०२३ मध्ये, स्टेडियममध्ये कुठलीही पिशवी नेता येत नव्हती, बायकांची पर्सही नाही. खिशात मावेल तेवढंच. डाऊनटाऊनमध्ये गाडी लावून अर्धा तास चालत जाणं सगळ्यांत सोपं. आसपासचे घरमालक आपल्या अंगणातली हिरवळ गाड्या लावायला भाड्याने देतात, तीही सोय बरी, फक्त निघताना आधी आलेल्याची गाडी शेवटी सुटते हे गृहीत धरा.

शनिवार, २५ नोव्हेंबर: सामना

सामना दुपारी बाराचा. आम्ही सकाळी साडेसातला गोल्फ कोर्सवर हजर. एरवी तिथे गोल्फ खेळतात, सामन्याच्या दिवशी गाड्या लागतात आणि गाड्यांच्या मागे शेगड्या पेटतात. टेलगेट म्हणतात त्याला. तापमान शून्याच्या आसपास. भावजींच्या सहकाऱ्यांचा अड्डा ठरलेला होता: मोठ्या पातेल्यात राजम्याची चिली, गरम सायडर, त्याबरोबर दालचिनीचे डोनट. मिशिगनच्या सफरचंदांचा सायडर गाळलेला नसतो. गढूळ, दाट, पिताना फळ चावल्यासारखं वाटतं. मी ठाण्याहून आणलेल्या चकल्या आणि शंकरपाळे टेबलावर ठेवले. चकल्या दहा मिनिटांत संपल्या. ओहायोच्या लाल जर्सीतला एक तरुण पलीकडून वास घेत आला, त्यालाही दिल्या. सामना सुरू होईपर्यंत तिथे वैर असं फक्त कपड्यांत दिसतं.

भाचा विद्यार्थ्यांच्या कोपऱ्यात गेला. माझी जागा भावजींबरोबर, त्यांच्या एका सहकाऱ्याच्या हंगामी तिकिटांवर. आमच्या शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शाळेत असताना गार्ड म्हणून खेळलेले. माझा हा पहिलाच सामना हे कळल्यावर त्यांनी पायाखाली घालायला पुठ्ठ्याचा तुकडा दिला. सिमेंटची थंडी बुटांतून वर येते, पुठ्ठ्याने ती अडते. नंतर ते म्हणाले, "तुम्ही चेंडूकडे बघू नका. चेंडू सगळेच बघतात. तुम्ही ६५ नंबरकडे बघा."

६५ नंबर म्हणजे झॅक झिंटर. उजवा गार्ड आणि संघाचा एक कर्णधार. आघाडीच्या फळीत पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू सेंटरच्या हातून मागे जातो आणि मग या पाचांपैकी कुणाकडेही तो सहसा परत येत नाही. त्यांनी फक्त समोरच्या धिप्पाड माणसांना रेटायचं, जागा करायची, मागच्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायची. दहीहंडीत खालच्या थराला हंडी दिसतसुद्धा नाही, तसे हे. मिशिगनच्या या फळीने २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम फळीचा जो मूर पुरस्कार मिळवला होता, हे आजोबांनी घरच्या मुलांचं कौतुक करावं तसं सांगितलं.

मी खरंच तसं बघायला लागले, आणि खेळ एकदम वेगळा दिसायला लागला. सगळ्यांच्या नजरा कोरमवर, आणि मला मात्र तो धावायच्या आधी उघडणारी भेग दिसायची. झिंटर खाली वाकून समोरच्याच्या छातीखाली शिरायचा, पावलं छोटी छोटी टाकत त्याला कडेला न्यायचा, आणि शिट्टी वाजली की हात देऊन कुणाला तरी उठवायचा.

विल जॉन्सनने पहिल्या सत्रातच ओहायोची एक फेक मधल्यामध्ये पकडली. चेंडू गोलपट्ट्याच्या अगदी जवळ आला आणि चौथ्या प्रयत्नात कोरम आत घुसला. मग रोमन विल्सनने बचावपटूच्या हातातून ओढून घेतल्यासारखा झेल घेतला, त्यावर आमच्या रांगेत बराच वेळ वाद चालला. मध्यंतराला १४–१०. पण ओहायो सोडणारा संघ नव्हता. तिसऱ्या सत्रात १७–१७.

तेव्हाच ते घडलं. खेळाडूंचा ढीग सुटला आणि एक जण उठलाच नाही. आजोबांनी माझ्या आधी नंबर ओळखला. अख्खा संघ बाकावरून उठून मैदानात गेला. त्या दिवशी तिथे क्षमतेपेक्षाही जास्त, १,१०,६१५ माणसं होती, आणि मला माझ्या जॅकेटची चेन हलल्याचा आवाज ऐकू येत होता. पायाची दोन्ही हाडं मोडली होती, हे नंतर कळलं. त्याला गाडीवरून नेलं. आजोबा टोपी काढून उभे होते.

पुढच्याच खेळीत कोरम २२ यार्ड धावत थेट आत गेला. आत पोहोचल्यावर त्याने बोटांनी खूण केली: सहा, पाच. मी आयुष्यात इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. आवाज कानात नाही, बरगड्यांत लागत होता. आजोबा रडत होते, भावजी रडत होते, मीही.

त्यानंतरचा खेळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मिशिगनचे आणखी तीन गुण, मग ओहायोच्या मार्विन हॅरिसन ज्युनिअरचा टचडाऊन, २७–२४. मग मिशिगनने घड्याळातली सात मिनिटं खाऊन टाकली, मुंगीच्या पावलांनी, पुन्हा त्याच फळीच्या जोरावर. झिंटरच्या जागी कार्सन बार्नहार्ट सरकला, बार्नहार्टच्या जागी ट्रेन्टी जोन्स आला, आणि रेटणं चालूच राहिलं. जेम्स टर्नरच्या लाथेने ३०–२४. शेवटच्या मिनिटात ओहायो पुढे येत होता. २५ सेकंद उरली असताना मिशिगनचा जेलन हॅरेल त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, अंगावर गेला, चेंडू वाकडा निघाला आणि रॉड मूरच्या हातात पडला. रॉड मूर मूळचा ओहायोचाच.

विद्यार्थी मैदानात उतरले. आम्ही बराच वेळ जागेवरून हललो नाही. आजोबांना रांगेतून वर चढायला मदत केली. ओहायोची माणसं हातमोजे काढून लोकांशी हात मिळवत बाहेर पडत होती.

एक सूचना: या सामन्याचं तिकीट फार महाग असतं. खेळ आणि माहोल बघायचा असेल तर सप्टेंबरमधला एखादा सामना निवडा, तिकीट पुष्कळ स्वस्त पडतं आणि हवाही सुखाची असते. १९७५ पासून तिथल्या सामन्यांना लाखाच्या खाली गर्दी झालेली नाही, कोविडचं वर्ष सोडून. त्यामुळे कुठलाही शनिवार ओस नसतो.

रविवार, २६ नोव्हेंबर: डेट्रॉइट

घसा बसला होता. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात दिएगो रिव्हेराची १९३२–३३ मधली भित्तिचित्रं बघायला गेलो. एका मोठ्या दालनाच्या चारी भिंतींवर २७ चौकटी, आणि त्यांत फोर्डच्या कारखान्यातले कामगार: वाकलेले, रेटणारे, एकमेकांना खांदा देऊन यंत्र ओढणारे. मला तिथून निघवेना. वेन परगण्यातल्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे, म्हणून ताईला तिकीट नव्हतं, मला होतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

येताना डिअरबॉर्न. अमेरिकेतली अरब वस्ती इथे मोठी आहे. मसूरचं सूप, ताजी गरम रोटी, लसणीची पांढरी चटणी. थंडीत दोन दिवस घालवल्यावर ते सूप पोटात गेलं की जीव ठिकाणावर येतो. शाकाहारी माणसाची डेट्रॉइटमध्ये सगळ्यांत चांगली सोय डिअरबॉर्नला होते, हे माझं ठाम मत.

शुक्रवार, १ डिसेंबर आणि शनिवार, २ डिसेंबर: इंडियानापोलिस

मधले दिवस ताईशी गप्पांत गेले. आयोवाविरुद्धच्या, बिग टेनच्या अंतिम सामन्याची तिकिटं मागच्या सामन्याच्या मानाने सहज मिळाली. कँटनहून इंडियानापोलिस साडेचार-पाच तास, फोर्ट वेनवरून. वाटेत सपाट शेतं आणि कापलेल्या मक्याची खुंटं, दुसरं काही नाही. शहराच्या मध्यावर गोल चौकात उंच स्मारक आहे, डिसेंबरात त्यावर दिव्यांच्या माळा सोडतात. रात्री चालत जाऊन बघा.

सेंट एल्मो हे १९०२ पासूनचं खाणावळीवजा जुनं हॉटेल तिथल्या कोळंबीसाठी प्रसिद्ध आहे. कोळंबीवर हॉर्सरॅडिशचा लाल सॉस. मी कोल्हापुरी पांढरा-तांबडा खाणाऱ्या घरातली आहे, पण या सॉसने नाकातून मेंदूत जाळ काढला. छोटा घास घ्या.

रांगेत आयोवाचं एक शेतकरी जोडपं भेटलं. त्यांच्या संघाची चाल फारच दुबळी, बचाव मात्र पोलादी. त्यांचा लाडका खेळाडू कोण, तर चेंडू लांब लाथाडणारा टोरी टेलर, मेलबर्नहून आलेला ऑस्ट्रेलियन. "आमच्याकडे जिंकायचं तर लाथ चांगली लागते," असं काकू अभिमानाने म्हणाल्या. त्यांच्या मैदानाला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. पहिलं सत्र संपलं की सगळे प्रेक्षक आणि खेळाडू वरच्या खिडक्यांतल्या आजारी मुलांकडे वळून हात हलवतात. ते सांगताना काकांचा आवाज कापत होता. त्या शनिवारी मी मिशिगनच्या बाजूने होते, पण आयोवाचं वाईट होऊ नये असं मनातून वाटलं.

लुकास ऑइल स्टेडियमला उघडझाप करणारं छप्पर आहे. आत उबदार, कोट काढून बसायचं. हारबॉ परतले होते. सेमाज मॉर्गन या नव्या पोराने पहिल्याच सत्रात ८७ यार्डांची दौड मारली, तिथेच सामना झुकला. २६–०. सामनावीर माइक साइनरिस्टिल, हैतीत जन्मलेला, आधी चेंडू झेलणारा आणि मग संघाला गरज म्हणून बचावात गेलेला. मला त्याची निवड फार आवडली. सामना संपल्यावर ते आयोवाचं जोडपं जिन्यात भेटलं. काकूंनी मला मिठी मारली आणि कँपसवर यायचं आमंत्रण दिलं.

जानेवारी: ठाणे

उरलेला हंगाम ठाण्यातून बघितला. २ जानेवारीला पहाटे साडेतीनचा गजर, पॅसेडिनाचा रोझ बोल, समोर अलाबामा. शेवटच्या मिनिटांत बरोबरी, जादा वेळेत कोरमचा टचडाऊन, आणि मग अलाबामाचा क्वार्टरबॅक चौथ्या प्रयत्नात फळीत अडकला. २७–२०. पुढे ९ जानेवारीला सकाळी, आपल्या चहाच्या वेळेला, ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध अंतिम सामना. त्या वर्षीचा सर्वोत्तम फळीचा पुरस्कार वॉशिंग्टनच्या फळीला मिळाला होता. मिशिगनने त्यांना ३४–१३ असं हरवलं. १९९७ नंतरचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद. भाचा साउथ युनिव्हर्सिटी रस्त्यावरच्या गर्दीतून फोनवर ओरडत होता, त्यातला एकही शब्द मला कळला नाही.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांसाठी खेळाडूंची निवड डेट्रॉइटमध्येच झाली. ताई आणि भावजी गर्दीत गेले होते. मिशिगनचे १३ खेळाडू निवडले गेले. मोडलेल्या पायाच्या झॅक झिंटरला कोण घेणार याची भावजींना महिनाभर काळजी होती. तिसऱ्या फेरीत ८५व्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं गेलं: क्लीव्हलँड ब्राउन्स. भावजींनी तिथूनच मला फोन केला. "घेतलं गं आपल्या ६५ ला," म्हणाले, "पण ओहायोवाल्यांनी!"